स्वतःच्या शब्दांत

जर्मनीतील इंग्रजी माध्यमाच्या मास्टर्ससाठी लागणारे मोटिव्हेशन लेटर हा शैक्षणिक निबंधाचा सर्वांत प्रगत प्रकार होय. त्यात अर्जदाराने लहानपणी खेळण्यातली मोटार उघडून पाहिलेली असावी लागते. पुण्यात ज्यांनी ती उघडली नाही, त्यांची सल्लागार रास्त दरात उघडून देतात. आखनसाठीचे पत्र म्युनिकला पाठवताना फक्त विद्यापीठाचे नाव बदलायचे असते, आणि नेमके तेवढेच राहून जाते.

प्रवेशानंतर स्वतंत्र लेखनाची शिस्त सुरू होते. तिचा पाया भक्कम आहे. मजकुराच्या उसनवारीच्या आरोपावरून २०११ मध्ये जर्मनीचे तत्कालीन संरक्षणमंत्री गुटेनबर्ग यांची डॉक्टरेट बायरॉइट विद्यापीठाने काढून घेतली. २०१३ मध्ये ड्युसेलडॉर्फने खुद्द शिक्षणमंत्री आनेटे शावान यांची. शावान यांच्या प्रबंधाचा विषय सदसद्विवेक हा होता.

याच शिस्तीत प्रबंधाच्या शेवटी ‘हे लेखन माझे स्वतःचे आहे’ अशी प्रतिज्ञा सहीनिशी जोडावी लागते. तिचा मजकूर बहुधा विद्यापीठच पुरवते. तो शब्दशः उतरवून घ्यायचा असतो. स्वतःच्या शब्दांत लिहिलेला चालत नाही.