पहिलं वर्ष फुकट

इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या वस्तूंना आयुष्य एका वर्षाचं असतं. डोमेन फुकट मिळतं ते वर्षभर, त्यासोबतचा ईमेल चालतो तो वर्षभर, आणि ‘चोवीस तास आपल्या सेवेत’ असलेली मंडळीही साधारण तेवढेच दिवस सेवेत असतात. त्यानंतर बिल येतं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच असावा.

याबद्दल माझी तक्रार नाही. कंपन्यांनाही पोट असतं. शिवाय ‘फुकट’च्या डोक्यावर एक बारीक तारा छापलेला असतो आणि पानाच्या तळाशी त्याचा खुलासाही असतो, तो वाचता येऊ नये इतका बारीक असतो हा टाइपाचा दोष. माझं म्हणणं एवढंच की नाव घेताना एक बटण दाबून भागतं, आणि तेच नाव घेऊन दुसरीकडे निघालो की वंशावळ मागतात.

भंडाऱ्यात माझ्या मामांचं पितळी भांड्यांचं दुकान आहे. भंडाऱ्याचं पितळ शाळेच्या पुस्तकात येतं. मामांच्या मते पुस्तकात आल्यापासूनच धंदा बसला. तेव्हा घरात ठरलं की आता ऑनलाइन व्हायचं. गल्लीतला कॉम्प्युटर शिकलेला एक मुलगा बोलावला. एका कंपनीची योजना होती: होस्टिंग घ्या, डॉट कॉम पहिलं वर्ष फुकट. अर्ज मुलगा भरत होता, म्हणून मालकाच्या रकान्यात त्याने स्वतःचं नाव लिहिलं. तेही आधार कार्डावरचं नव्हे, घरी लाडाने हाक मारतात ते. आडनावाच्या रकान्यात ‘भंडारा’ टाकलं. ईमेलच्या रकान्यात दुकानाच्या त्याच नव्या कोऱ्या डोमेनवरचा पत्ता दिला, म्हणजे डोमेन बंद पडलं की ते बंद पडल्याची खबर बंद पडलेल्या पत्त्यावर जाणार. हे काम त्याने अर्ध्या तासात केलं आणि चहा पिऊन गेला. पुढे तो पुण्याला नोकरीला लागला.

इथे थोडी तांत्रिक माहिती देणं भाग आहे. डोमेन विकत घेतलं असं सगळे म्हणतात; ते असतं भाड्याने, वर्षाच्या बोलीवर, एका वेळी फार तर दहा वर्षं. डॉट कॉमची मूळ वही अमेरिकेतल्या व्हेरीसाइन कंपनीकडे असते, डॉट इनची आपल्या ‘निक्सी’कडे, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडियाकडे. आपण ज्याच्या हातात पैसे ठेवतो तो रजिस्ट्रार म्हणजे मधला अडत्या. तुमसरच्या बाजारात धान उतरवणाऱ्या जिल्ह्यात अडत्या समजावून सांगावा लागत नाही, त्यामुळे मामांना हा भाग लगेच कळला. त्यांची शंका पुढची होती. अडत्या बदलायचा तर जुन्या अडत्याला विचारायचं कशाला?

ही शंका मी अजून कोणाला विचारू शकलेलो नाही, कारण विचारण्यासाठी जी खिडकी उघडते तिच्यात आधी मशीन बोलतं.

खरं पाहता डोमेनं एके काळी मनापासून फुकट होती. अमेरिकेचं सरकारी विज्ञान प्रतिष्ठान खर्च सोसायचं आणि नोंदणीला कोणी पैसे मागत नव्हतं. सप्टेंबर १९९५ मध्ये दोन वर्षांचे १०० डॉलर असा दर लागला. पुढे १९९९ मध्ये एका कंपनीची मक्तेदारी मोडली, अनेक रजिस्ट्रार आले आणि ‘ट्रान्सफर’ नावाचा प्रकार सुरू झाला. त्याच वर्षी, १ मे १९९९ ला, भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. तालुके वाटले गेले, दप्तरं गेली, कचेऱ्या गेल्या. त्यात कोणाला ओटीपी आल्याचं ऐकिवात नाही.

आपल्याकडे फुकटाची मोठी लाट आली ती नोव्हेंबर २०११ मध्ये. गूगलने भारतातल्या लहान धंद्यांसाठी मोहीम काढली: वेबसाइट फुकट, डॉट इन डोमेन फुकट, अर्थात पहिलं वर्ष. पाच लाख धंदे ऑनलाइन आणायचे होते. दुसऱ्या वर्षापासून ज्याचं त्याने पाहायचं. घी देखा लेकिन बडगा नहीं देखा, हे आमच्याकडे मराठी माणूसही हिंदीतच म्हणतो.

पण फुकटाचा अभ्यास करायचा तर फ्रीनॉमचा करावा. ॲमस्टरडॅमची ही कंपनी डॉट टीके नावाची डोमेनं कायमची फुकट वाटत असे. वर्षाने पुन्हा अर्ज केला की पुन्हा फुकट. टीके म्हणजे टोकेलाऊ. पॅसिफिक महासागरातली तीन प्रवाळबेटं, मालकी न्यूझीलंडची, वस्ती दीड हजाराच्या आसपास, विमानतळ नाही, सामोआहून बोटीने जायचं. या दीड हजार माणसांच्या नावावर कोट्यवधी डोमेनं नोंदली गेली. जर्मनी आणि ब्रिटनलाही मागे टाकून टोकेलाऊ एके काळी देशोदेशींच्या डोमेनांच्या यादीत फार वर होतं. आम्हाला याचं नवल नाही. भंडारा रोड स्टेशन भंडाऱ्यात नसून वरठीत आहे, त्यामुळे नाव एकीकडे आणि मुक्काम दुसरीकडे याची जिल्ह्याला सवय आहे. फ्रीनॉमने पुढे माली, गॅबन, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक आणि इक्वेटोरियल गिनी या देशांची नावंही वाटायला घेतली. आयजीच्या जिवावर बायजी उदार, आणि इथे तर पाच आयज्या होत्या.

यातली खुबी अशी की फुकट डोमेन कागदोपत्री कंपनीच्याच मालकीचं राही. आपल्याला फक्त वापरायची मुभा. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायची सोय नाही, कारण आपलं नसलेलं कुठे नेणार? साइटवर माणसं यायला लागली की डोमेन काढून घेतात, अशी ओरड वर्षानुवर्षं चालू होती. फसवणूक करणाऱ्यांना मात्र ही सोय फार मानवली. त्यांना एखादं नाव आठवडाभरच लागतं. फेसबुकवाल्या मेटाने कंपनीला कॅलिफोर्नियाच्या कोर्टात खेचलं, २०२३ च्या सुरुवातीला नवी नोंदणी बंद झाली, गॅबनने आपलं डॉट जीए परत घेतलं आणि त्यावरची लाखो डोमेनं गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये फ्रीनॉमने समझोता करून डोमेनचा धंदाच सोडत असल्याचं जाहीर केलं. ज्यांची दुकानं, कविता आणि लग्नाच्या पत्रिका त्या नावांवर होत्या त्यांना भरपाई मिळाली नाही. फुकटाची भरपाई किती होते हे गणित सोपं आहे.

मामांचं डोमेन फ्रीनॉमचं नव्हतं, तेव्हा हा सगळा इतिहास मी त्यांना दिलासा म्हणून सांगितला. त्यांनी ऐकून घेतला. आमच्या भागात मामा भाच्याच्या पाया पडतो. पडणाऱ्याला मग रागावता येत नाही, ही मामांची जुनी अडचण आहे.

तर बिल. पहिल्या वर्षी शून्य रुपये लिहून शेजारी एक आकडा खोडलेला होता. दुसऱ्या वर्षीचा दर त्या खोडलेल्या आकड्यापेक्षाही वर निघाला. त्याखाली मालकाचा पत्ता लपवण्याचे पैसे, साइटच्या सुरक्षेचे पैसे, आणखी कशाचे तरी पैसे, सगळ्या चौकोनांत आधीच बरोबरची खूण केलेली, आणि बेरजेवर १८ टक्के जीएसटी. मुलगा होता तोवर तो खुणा काढून टाकी आणि मामा पैसे भरत. मुलगा गेल्यावर खुणा काढणारं कोणी उरलं नाही.

डॉट कॉमच्या नियमांत लिहिलंय की मुदत संपण्याआधी सुमारे महिनाभर एक, आठवडाभर आधी एक, आणि संपल्यावर पाच दिवसांत एक, अशा आठवणी कंपनीने पाठवायच्या. कंपनीने त्या पाठवल्या. पहिल्या दोन ज्या पेटीत पडल्या तिचा पासवर्ड पुण्याला होता. तिसरी बंद पत्त्यावर गेली. मग एके दिवशी मामांच्या साइटवर घागरी, गुंड आणि परातींच्या जागी नॉनस्टिक तव्यांच्या जाहिराती दिसू लागल्या.

मामांनी मागतील तेवढे पैसे भरून डोमेन सोडवलं आणि सांगितलं, ‘‘भाचे, याले इथून काढ.’’

काढायला मालकाची संमती लागते. मालक म्हणजे तो मुलगा. तो बिचारा पुण्याहून संमती द्यायला एका पायावर तयार होता, पण संमतीचा मेल गेला दुकानाच्या पत्त्यावर, आणि फुकट ईमेलची मुदत संपलेली. मग ओळखपत्र मागितलं. त्याने आधार पाठवलं. कंपनीने नम्रपणे कळवलं की आधारवरचं नाव आणि मालकाचं नाव जुळत नाही. मालकाचं नाव ते लाडाचं, आडनाव भंडारा. या नावाचा माणूस पृथ्वीवर नाही हे आम्ही मान्य केलं. त्याच्या आईचं पत्र चालेल का असं मी विचारलं. खिडकीतल्या व्यक्तीने ‘आपली गैरसोय मी समजू शकते’ असं लिहिलं. तेच वाक्य, त्याच स्वल्पविरामासह, पुढेही येत राहिलं. मामांनी चष्मा वर करून वाचलं आणि विचारलं, ‘‘हे बाई हाय का मशीन?’’ मी तोच प्रश्न खिडकीत टाकला. उत्तरात समजूतदारपणा तेवढाच होता.

शेवटी जुन्या पावत्या आणि दुकानाचे कागद यांच्या जोरावर मालकाचं नाव बदललं. इथे आनंद व्हायला हवा होता. पण नियम असा की मालकाचं नाव, संस्था किंवा ईमेल बदलला की डोमेन साठ दिवस हलवता येत नाही. हे आपल्या भल्यासाठी असतं. चोराने नाव बदलून डोमेन पळवू नये म्हणून. अट नको असेल तर बदल करण्याआधी तसं सांगण्याची सोय काही कंपन्यांकडे असते. ती कुठे असते ते कुलूप लागल्यावर सापडतं. नवीन घेतलेल्या डोमेनलाही साठ दिवस, नुकतं हलवलेल्यालाही साठ दिवस. म्हणजे नाव चुकीचं असेल तर हलवता येत नाही आणि बरोबर केलं तरी हलवता येत नाही. दरम्यान धनत्रयोदशी येऊन गेली.

कुलूप उघडल्यावर ऑथ कोड मिळाला. ट्रान्सफरसाठी हा लागतोच. तो मोबाइलवर आला, मोबाइल दुकानात मामांकडे, आणि मी साकोलीला.

‘‘तिसरं अक्षर मोठा ओ का शून्य?’’

‘‘गोल हाय.’’

‘‘लांबट गोल का पूर्ण गोल?’’

‘‘भाचे, गोल म्हणजे गोल.’’

मामा परातीवर बोट वाजवून आवाजावरून सांगतात की पितळ कसं आहे. कोड वाजवता येत नाही. त्यातल्या उभ्या रेघेचा प्रश्न, ती एल की आय की एक, मी इथे सोडून देतो.

कोड दिल्यावर जुन्या कंपनीला पाच दिवस असतात. तेवढ्यात ती गप्प बसली की ट्रान्सफर आपोआप मान्य. सगळ्या प्रकरणात कंपनीने गप्प बसावं अशी नियमाची अपेक्षा फक्त याच पाच दिवसांत होती, आणि याच दिवसांत तिला कंठ फुटला. खरंच जाताय का, विचार बदलला तर इथे दाबा, थांबलात तर सवलत. एवढी समज इतके दिवस कुठे होती कोण जाणे. नव्या कंपनीने ट्रान्सफरचे पैसे घेतले, पण त्यात मुदत एक वर्षाने वाढते. एवढी एक गोष्ट न्यायाची आहे आणि ती मी नोंदवून ठेवतो.

मराठीचं काही करा म्हणणाऱ्यांसाठीही सोय आहे. देवनागरीतलं ‘डॉट भारत’ २७ ऑगस्ट २०१४ पासून मिळतं, आणि जानेवारी २०२१ मध्ये निक्सीने डॉट इन घेणाऱ्याला भारतीय भाषेतलं डोमेन सोबत फुकट देऊ केलं होतं. माझ्या एका मित्राने घेतलं. नाव सुरेख दिसतं. कुठल्याही अर्जात भरलं की ‘वैध पत्ता लिहा’ असा लाल मजकूर येतो, आणि कुठे कुठे ते एक्स, एन आणि दोन आडव्या रेघांपासून सुरू होणाऱ्या इंग्रजी अक्षरांच्या रांगेत रूपांतरित होऊन समोर येतं. ते आपलंच नाव आहे हे मित्राला पटवून द्यावं लागलं.

डोमेन आता नव्या कंपनीकडे आहे आणि मालकाच्या रकान्यात मामांचं नाव आधारबरहुकूम आहे. जुन्या कंपनीतून परवा मामांना फोन आला. सेवा कशी वाटली, दहापैकी किती गुण द्याल, असं त्या बाईंनी विचारलं. मामा गल्ल्यावर होते, समोर गिऱ्हाईक होतं. त्यांनी विचारलं, ‘‘काही कमी-जास्त होते का?’’

बाईंनी काय लिहून घेतलं ठाऊक नाही. संध्याकाळी मेसेज आला: ‘नऊ गुणांबद्दल आभार.’