मुहूर्त, मेडिकल आणि कापूस

परदेशात कायम राहण्याचा व्हिसा कळंबच्या एखाद्या घरात आला, की दोन कॅलेंडरांची जुंपते. कॅनडाचा कागद साधारणपणे वैद्यकीय तपासणीपासून वर्षभरात संपतो. अमेरिकेचा इमिग्रंट व्हिसा सहसा सहा महिन्यांत. घरच्या कॅलेंडरात मात्र जागाच नसते. पितृपक्षात निघायचं नाही, दिवाळी आईसोबत, मग कापसाची वेचणी, लग्नसराई, माघात गावच्या चिंतामणी गणपतीचा उत्सव.

चिंतामणीला घाई नाही. त्याच्या कुंडातलं पाणी बारा वर्षांनी मूर्तीच्या पायांशी येतं, अशी श्रद्धा आहे. ओटावाचा हिशेब रुक्ष: पाच वर्षांत किमान ७३० दिवस तिथे काढा, नाहीतर कायमचा दर्जा धोक्यात.

यावरही तोड निघते: आधी फक्त शिक्का मारून यायचं! ऑस्ट्रेलियाच्या बाबतीत ते चालतंही. ठरलेल्या तारखेआधी पहिला प्रवेश केला, की येण्याजाण्याची मुभा साधारणपणे व्हिसा मिळाल्यापासून पाच वर्षं. म्हणजे आठवडाभर मेलबर्न, आणि मग वर्षभराने निरोपाचे हार दुसऱ्यांदा.

वर्धा–कळंब लोहमार्गाचं उद्घाटन फेब्रुवारी २०२४ मध्ये झालं, त्यामुळे गाडीची सबबही गेली. काकांचा प्रश्न तेवढा उरलाय: “पण अमावस्येला ती धावते का?”