जगदंबा ॲट वन टू थ्री

आमच्या तालुक्याचं नाव केळापूर, कचेरी मात्र पांढरकवड्यात. नवखा माणूस केळापुरात उतरतो, तहसील शोधतो आणि देवीचं दर्शन घेऊन मागे फिरतो. एवढी दिशाभूल पासवर्डात जमली असती तर! पण तिथे आम्ही अगदी सरळमार्गी. आधी जगदंबा, मग ॲट, मग वन टू थ्री.

परवा एका सेवा केंद्रात कापूस विक्रीच्या नोंदणीची रांग होती. मॉनिटरच्या कडेला पिवळी चिठ्ठी, तिच्यावर पासवर्ड, आणि ती पडू नये म्हणून वरून सेलोटेप. माझ्या पुढच्या काकांना ओटीपी आला. चष्मा घरी. फोन रांगेत मागे गेला आणि एका पोराने सहाही आकडे खणखणीत वाचले. "खाली लिवलं हाये, कोनाले सांगू नोका," हेही त्याने तितक्याच मोठ्याने वाचलं.

मी ऑपरेटरला चिठ्ठीचं विचारलं. "काढली तं मी नसताना काम कोन करन, भाऊ?" बिनतोड.

आमच्याच जिल्ह्यातलं, आर्णी तालुक्यातलं शेंदुरसनी घ्या. वस्ती दीड हजाराच्या आसपास. 2025 मध्ये जन्म-मृत्यू नोंदणीच्या संगणकात या गावाच्या नावावर तीन महिन्यांत 27 हजारांहून जास्त जन्म चढले. (आशाताईंची धावपळ नुसती डोळ्यांसमोर आणा.) लॉगिन ग्रामपंचायतीचं, बाळं भलत्यांचीच. गुन्हा दाखल झाला, चौकशी पथक बसलं.

सगळा दोष आपलाच असं मात्र नाही. एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह, शिवाय ठरावीक दिवसांनी बदल, हा काढा 2003 मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेतल्या बिल बर यांनी लिहून दिला. जगभर लोक नाक दाबून तो प्याले, आणि 2017 मध्ये वैद्यबुवाच म्हणाले, चुकलं! त्याच वर्षी संस्थेनेही पथ्य बदललं: पासवर्ड लांब हवा, आणि फुटल्याची शंका आली की लगेच बदला, उगाच दर महिन्याला नको. म्हणजे एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले चार शब्द. पऱ्हाटी, कंदील, जिलबी, टिपेश्वर. (हा छापून आला, म्हणजे बाद.)

हे सगळं मी ऑपरेटरला समजावलं. पोरगा गुणी. काल गेलो तर चिठ्ठी गायब, पासवर्ड नवा, चांगला चार शब्दांचा. एवढा लांब चिठ्ठीवर मावेना, म्हणून समोरच्या भिंतीवर, कॅलेंडरवर लिहिला होता. रांगेतल्या शेवटच्या माणसालाही दिसेल एवढा.