सेन्सरांचे कुलशोधन

कॉलिन चॅपमन यांच्या १९५७ सालच्या लोटस सेव्हनच्या धर्तीवर घरच्या गॅरेजमध्ये गाडी बांधण्याचा छंद इंग्लंडात चांगलाच रुजलेला असून, ती अवघ्या २५० पौंडांतही बांधता येते असे सुचवणारे पुस्तक रॉन चॅम्पियन यांनी १९९६ मध्ये लिहिल्यापासून कित्येक संसारांचे रविवार त्यात खर्ची पडले आहेत. अशा गाडीचे इंजिन मॉन्डेओचे, गिअरबॉक्स सिएराचा, डायल जुन्या बाजारातली आणि वायरिंग मालकाच्या आत्मविश्वासाचे असू शकते. जिचे वय वा मूळ सिद्ध होत नाही तिला तेथील परिवहन खाते क्यू अक्षराने सुरू होणारा क्रमांक देऊन मोकळे होते.

इंजिनाला मात्र इतके सहज मोकळे होता येत नाही. कुलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या ग्लायकॉलमिश्रित पाण्याचे, तापमान कळवणारे दोन-तीन पितळी नग थर्मोस्टॅटच्या आसपास बसवलेले असतात. ते दिसायला सख्खे भाऊ, पण प्रत्येकाचा धनी वेगळा. दोन पिनांचा सेन्सर ईसीयूची, म्हणजे पेट्रोलचे माप ठरवणाऱ्या संगणकाची, चाकरी करतो; एका वायरीचा डायलचा काटा हलवतो आणि विजेचा परतीचा मार्ग स्वतःच्या आट्यांतून इंजिनाच्या धातूत शोधतो, म्हणून आट्यांवर भक्तिभावाने टेफ्लॉन टेप गुंडाळली की पाणी गळत नाही, पण खरी बातमीही पोहोचेलच असे नाही. तिसरा हा पंख्याचा नुसता स्विच. त्यालाच सेन्सर समजून ईसीयूला जोडले, तर भोळा ईसीयू जुलैच्या दुपारी सैबेरियातला हिवाळा गृहीत धरून पेट्रोल ओतत राहतो.

प्लगच्या रंगावर विसंबण्यात अर्थ नसतो, कारण तो प्लग पूर्वीच्या मालकाने हाताशी होता म्हणून बसवलेला असण्याचीच शक्यता अधिक. खरी ओळख पटते ती पातेल्यात. नग तळाला टेकणार नाही अशा बेताने पाण्यात लोंबकळत ठेवून, शेजारी थर्मामीटर धरून मल्टिमीटर लावला की थर्मिस्टर, म्हणजे तापताच विद्युतरोध घटणारा घटक, आपले कूळ सांगू लागतो: ईसीयूच्या सेन्सरच्या एका प्रचलित जातीत हा रोध २० अंशांना सुमारे २,५०० ओहम, तर १०० अंशांना २०० च्याही आत असतो. पंख्याचा स्विच एखाद्या सरकारी कारकुनासारखा बराच वेळ काहीच बोलत नाही आणि मग एकदम होकार देतो. काही स्विच तर पाणी उकळले तरी मौन सोडत नाहीत, कारण इंजिनातले कुलंट दाबाखाली असल्याने शंभरापुढेही उकळत नाही आणि त्यांची वेळ त्यानंतरची असते. नगांना चिकटून आलेले ग्लायकॉल विषारी असल्यामुळे हे पातेले पुन्हा स्वयंपाकघरात नेता येत नाही, याची कल्पना घरच्यांना आधी दिलेली बरी.

ओळख पटली तरी डायल आणि तिचा सेन्सर एकमेकांना अनुरूप असावे लागतात. नसल्यास काटा कायम निवांत तरी राहतो, नाहीतर कायम धास्तावलेला. तेव्हा मालक काचेवर चिकटपट्टी लावून ‘येथे ९० अंश’ असे लिहितो, आणि गाडी विकताना नेमकी तेवढी पट्टी सोलून काढतो.