तीन केळी आणि एक क्लच

प्राथमिक शाळेत ‘आधी वाचा, मग करा’ असं सांगण्यात हयात गेली. निवृत्त झाल्यापासून मी आधी करतो.

इब्रामपुरात नदीकाठी आमची थोडी शेती आहे. वर दोडामार्गात हिलाच तिळारी म्हणतात, खाली शापोरा. नोव्हेंबरात वायंगणाची नांगरणी काढली आणि मांगरातला ट्रॅक्टर सुरू केला. महिंद्राचा जुना बी-२७५, मूळ आराखडा इंग्लंडचा. जूनमधल्या चिखलणीनंतर तो पावसाळाभर तिथेच उभा होता.

इंजिन लगेच लागलं. क्लच दाबून गिअर टाकला तर खर्रर्र. पुन्हा दाबला, पुन्हा खर्रर्र.

मी निदान केलं : क्लच प्लेट झिजली. निदान साफ उलटं होतं. प्लेट झिजली की क्लच घसरतो. इंजिन ओरडतं आणि ट्रॅक्टर रेंगाळतो. गिअर खरखरतो तेव्हा क्लच सुटत नसतो. पण मास्तराला शंका विचारायची सवय कुठे असते? पेडल वरच्या टोकाला इंचभर सैल लागत होतं. बाकावर रेलून बसलेल्या पोरासारखं ते मला आळशी वाटलं, म्हणून रॉड आवळून मी त्याला ताठ बसवलं. ही मोकळी चाल मुद्दाम ठेवतात. ती नसली की रिलीज बेअरिंग सतत टेकून राहतं आणि फुकट झिजतं, हे मला संध्याकाळी कळलं.

तरी खर्रर्र. मग सुचलं, इंजिन बंद असतानाच गिअर टाकावा, क्लच दाबून धरावा आणि स्टार्टर मारावा. क्लच दाबलेला असताना ट्रॅक्टर हलेलच कसा?

हलला. झापांचा कूड फोडून बाहेर पडला आणि केळीत घुसला. मी दोन्ही पायांनी क्लचवर उभा. ब्रेक आठवला तो तिसरी केळ आडवी झाल्यावर; तोवर गडगा आला आणि इंजिन आपणहून बंद पडलं.

“अहो, नांगरणी परसातूनच सुरू केलीत?” घरातून आवाज आला.

दोडामार्गाहून मेकॅनिक आला. इंजिनाकडे त्याने पाहिलंही नाही. खाली सरपटत गेला, क्लचच्या हाऊसिंगला बुडाशी असलेल्या भोकात पकड घातली आणि एक चिंधी ओढून काढली. मागोमाग कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी भळभळलं.

“मास्तरानू, ही गंजी तुमचीच मा?”

माझीच होती. चिखलणीत पाणी आत जाऊ नये म्हणून जूनमध्ये मीच कोंबली होती. त्या भोकात एक पिन सैल लोंबकळत असते. ती खुळखुळत राहते म्हणून भोक बुजत नाही. ‘सैल झाली’ म्हणून तीही मीच काढून टाकली होती. आत शिरलेलं पाणी आतच राहिलं आणि प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली.

प्लेट काढायची तर ट्रॅक्टर मधोमध खोलून दोन भाग करावे लागतात. ती पाळी आली नाही. त्याने रॉड पुन्हा सैल केला, ट्रॅक्टर मोकळ्या शेतात नेला, वरच्या गिअरमध्ये पळवला आणि क्लच दाबून धरून कचकन ब्रेक मारला. तिसऱ्या खेपेला प्लेट सुटली. म्हणजे मी सकाळी जवळपास हेच केलं होतं. शेत तेवढं चुकलं.

चिखलणी संपली की ते भोक उघडं आहे ना, वाकून बघा. पिन हरवली असेल तर माझ्याकडे या. दुकानात सुटी मिळेना म्हणून डझनभर आणल्या; अकरा शिल्लक आहेत.