मा. अटी लागू साहेबांना जालन्याहून अनावृत पत्र

प्रति,
मा. श्री. अटी लागू साहेब,
प्रवासी आरोग्य विमा, सर्व देशी-परदेशी कंपन्या,
मुक्काम : पॉलिसीचे शेवटून दुसरे पान, तळाशी.

विषय : मुलांकडे परदेशी जाणाऱ्या आई-वडिलांच्या बीपी-शुगरबाबत आपण घेतलेल्या खंबीर भूमिकेबद्दल अभिनंदन.

महोदय,

स.न.वि.वि.

आपण सहसा कुणाला दर्शन देत नाही. पॉलिसीच्या पहिल्या पानावर हसरे आजी-आजोबा असतात, मागे समुद्र असतो, आणि आपण पार शेवटी, चष्मा बदलूनही दिसणार नाही अशा ठशात. तरी दावा मंजूर होणार की नाही हे आपणच ठरवता. म्हणून कंपनीच्या अध्यक्षांना, एजंटाला किंवा ऑनलाइन पॉलिसी काढून देणाऱ्या जावयाला न लिहिता हे पत्र थेट आपल्याला.

जालना जिल्हा आपल्या नकाशावर ठळक नसेल. 'जालना, सोने का पालना' असे इथले लोक अजून म्हणतात. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली इथे महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली, पुढे 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाणे, सळई आणि मोसंबी या तीन गोष्टी इथून देशभर जातात. चौथी गोष्ट म्हणजे मुले. ती पुण्यात इंजिनिअर होतात आणि मग डॅलस, टोरंटो, म्युनिक असे पत्ते बदलत राहतात. मागे आई-वडील उरतात. रोज सकाळी एक गोळी रक्तदाबाची, एक साखरेची, आणि रात्री व्हिडिओ कॉल.

परदेशात दुखणे-खुपणे निघाले तर काय, हा प्रश्न या जिल्ह्याला नवा नाही. 23 सप्टेंबर 1803 रोजी इथल्याच असईच्या माळावर इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली मराठ्यांशी लढला. लढाई जिंकली, पण त्याच्या सैन्यातली दीड हजारांहून अधिक माणसे मेली, जखमी झाली किंवा सापडली नाहीत. जखमींना दौलताबादच्या किल्ल्यात हलवावे असा त्याचा विचार होता. किल्ला निजामाचा, आणि निजाम तर इंग्रजांचा दोस्त. परवानगी नाकारली गेली! शेवटी इस्पितळ अजिंठ्याला थाटावे लागले, आणि तोवर काही जखमी आठवडाभर वैद्याविना पडून होते असे सांगतात. साहेब, नेटवर्कमधल्या इस्पितळाने कॅशलेस नाकारल्याचे याहून जुने उदाहरण आपल्या दप्तरात असेल तर कळवावे. जिल्ह्याला आपला मान सोडायचा नाही.

आता मूळ मुद्दा. अंबड, परतूर, मंठा, भोकरदन, तालुका कुठलाही घ्या. लेकीचे किंवा सुनेचे दिवस भरत आले की घरात बॅग भरायला लागते. डिंकाचे लाडू, अळीव, बाळाची झबली, कुरडया, आणि सहा महिने पुरतील एवढ्या गोळ्या. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसावर एका खेपेला साधारण सहा महिने राहता येते. बाळंतपण, बारसे आणि सुनेची रजा संपल्यावर बाळ सांभाळणे एवढ्यात बसते. आई तिकडे फिरायला जात नाही, कामाला जाते. फक्त तिला कुणी पगार देत नाही, आणि इथेच तिचा घात होतो.

कारण परदेशी माणसाच्या औषधपाण्याची सोय तो कमावतो किंवा शिकतो यावर बेतलेली आहे. जपानमध्ये तीन महिन्यांहून जास्त राहणाऱ्या परदेशी माणसालाही सरकारी आरोग्य विम्यात नाव घालावेच लागते, मग उपचाराच्या बिलातले 30 टक्के त्याचे, बाकी विम्याचे. जर्मनीत सरकारी विम्याची वर्गणी पगाराच्या 14.6 टक्के, वर थोडा जादा आकार, आणि त्यातली निम्मी मालक भरतो. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी 10,000 कुशल हातांचा करार केला. त्यातून जालन्याचा एखादा आयटीआय झालेला फिटर स्टुटगार्टला पोचलाच, तर नोकरी सुरू होताच त्याचा विमाही सुरू. ब्रिटन व्हिसाबरोबरच वर्षाला 1,035 पौंड आरोग्य अधिभार घेते, विद्यार्थ्यांकडून 776. एकदा भरले की सरकारी इस्पितळ खुले. ऑस्ट्रेलियात विद्यार्थ्याला विमा काढल्याशिवाय व्हिसाच नाही. संयुक्त अरब अमिरातीने 2025 च्या 1 जानेवारीपासून उरलेल्या उत्तरेकडच्या अमिरातींतही खासगी नोकरदारांना विमा सक्तीचा केला.

म्हणजे तिशीतला, जिमला जाणारा, वर्षाला फार तर एकदा सर्दी होणारा मुलगा सगळीकडे सुरक्षित. आणि त्याच्याकडे आलेली पासष्टीची आई कुठल्याच सरकारच्या वहीत नाही. ब्रिटनमध्ये ती पाहुणी म्हणून इस्पितळात दाखल झाली तर बिल ठरलेल्या दराच्या दीडपट. शेंगेन देशांचा व्हिसा हवा तर किमान 30,000 युरोंचा विमा दाखवायचा. अमेरिका पर्यटकाला विम्याबद्दल विचारतही नाही. विचारते ते इस्पितळ, आणि तेही नंतर. मुलाने नागरिक होऊन आई-वडिलांना ग्रीन कार्ड काढून दिले, तरी मेडिकेअर हा तिथला वृद्धांचा सरकारी विमा विकत घ्यायला पासष्टी ओलांडलेल्यांना तिथे सलग पाच वर्षे काढावी लागतात.

या सगळ्या फटीत, साहेब, आपण उभे आहात. गल्ल्यासकट.

आपल्या दुकानात अमेरिकेसाठी मुख्यतः दोन प्रकारचा माल असतो. एक स्वस्त, ठरावीक रकमेचा. मथळ्यावर 50,000 डॉलर, आत मात्र दर बाबीला वेगळे कुंपण : खोलीला दिवसाला इतके, सर्जनला इतके, रुग्णवाहिकेला इतके. अमेरिकेत इस्पितळातल्या एका दिवसाचा सरासरी खर्च 3,000 डॉलरच्या घरात आहे. कुंपणातली रक्कम त्याच्या निम्म्यावर अडली तर उरलेले मुलाच्या क्रेडिट कार्डावर. दुसरा प्रकार महाग. त्यात आधी ठरलेली रक्कम विमा घेणाऱ्याने भरायची, पुढे कंपनी कमाल मर्यादेपर्यंत टक्केवारीने किंवा पूर्ण भरते. जालन्यातले शहाणे लोक मोंढ्यात सोयाबीनचा भाव पाच-पाच रुपयांवर घासाघीस करतात, आणि हीच मंडळी विमा घेताना फक्त हप्त्याचा आकडा बघून खालचे बटण दाबतात. 'व्हिसाला दाखवायपुरता असला म्हणजे झालं' हे वाक्य ज्या घरात उच्चारले गेले, त्या घराला आपण कधी निराश केलेले नाही.

महाग प्रकारातही आपली खास जागा आहेच. पूर्वीपासूनचे आजार वगळून. मात्र त्या आजाराचा अचानक, काही पूर्वसूचना न देता झटका आला, आणि चोवीस तासांत उपचार घेतले, तर ठरावीक वयापर्यंत, ठरावीक रकमेपर्यंत पैसे मिळतील. हे वाचायला दिलदार वाटते. मग इस्पितळाच्या नोंदीत डॉक्टर लिहितो, रुग्णाला दोन दिवसांपासून छातीत जडपणा. संपले. दोन दिवस म्हणजे पूर्वसूचना. त्या माउलीने दोन दिवस कुणाला सांगितले नाही, कारण मुलाच्या ऑफिसात डेडलाइन होती आणि सुनेची झोप झाली नव्हती. सोसणे हा गुण तिला साठ वर्षे शिकवला गेला. तो आपल्याकडे नकाराचे कारण म्हणून कामी येतो, हे तिला आधी कुणी सांगितले असते तर बरे झाले असते.

कॅनडाचे प्रकरण आणखी रंगतदार. तिथे आई-वडील आणि आजी-आजोबांसाठी 2011 पासून सुपर व्हिसा आहे. एका प्रवेशात पाच वर्षांपर्यंत राहता येते, पण किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, वर्षभराचा वैद्यकीय विमा हवा. पूर्वी तो कॅनडाच्याच कंपनीचा लागे. जानेवारी 2025 पासून तिथल्या नियामकाची मान्यता असलेल्या बाहेरच्या कंपनीचाही चालतो. हा विमा पूर्वीचे आजारसुद्धा झाकू शकतो, अट एकच : आजार 'स्थिर' हवा. म्हणजे प्रवासाआधीचे 90 किंवा 180 दिवस गोळी बदललेली नको, डोस वाढलेला नको. आणि कमीही झालेला नको.

आता जालन्यात काय होते ते बघा. निघायच्या दोन महिने आधी अण्णा डॉक्टरांकडे जातात, परदेशी जायचे म्हणून एकदा सगळे तपासून घ्यावे या सुबुद्धीने. डॉक्टर बीपी बघतात आणि म्हणतात, "थंडीचा देश आहे, टेल्मिसार्टन चाळीसची ऐंशी करू." डॉक्टर बरोबर, अण्णा बरोबर, बीपीही बरोबर. फक्त आपल्या हिशेबाने अण्णा त्या क्षणी अस्थिर झाले. बीपी आटोक्यात आणायला दिलेली गोळीच दावा फेटाळायला पुरते. तपासणी सहा महिने आधी करून घ्यायची, डोस काय तो तेव्हाच बदलायचा, आणि नंतर बदललाच तर कंपनीला लेखी कळवून उत्तर घ्यायचे, हे विमा विकणाऱ्याने सांगायला हवे. तो सांगत नाही, कारण त्याचे कमिशन तेव्हाच झालेले असते.

पण सगळे पाप आपल्या माथी मारणे हा अन्याय होईल. अर्ज भरतानाचा एक प्रसंग इथल्या कैक घरांत घडतो. मुलगा टोरंटोहून कॉलवर, समोर प्रश्नावली.

"आई, शुगर आहे लिहू ना?"

"लिहू नको रं, हप्ता वाढंल. आन् माझी शुगर काय शुगर हाय का, नुसती बॉर्डरला तर हाय."

"गोळी घेतेस ना पण?"

"आर्धीच घेते."

अण्णा मागून : "नाही लिही. कोण बघाया बसलंय?"

बघायला आपण बसलेले असता, साहेब. हप्ता घेताना कुणी काही तपासत नाही. लाखोंचे बिल आले की इस्पितळाकडून आणि जालन्यातल्या डॉक्टरांकडून मागचे कागद मागवले जातात, आणि अर्ध्या गोळीची पूर्ण नोंद सापडते. मग नुसत्या शुगरचाच नव्हे, माहिती दडवली म्हणून पाय मोडल्याचा दावाही गोत्यात येतो. वाचवलेला हप्ता किती? मोसंबीच्या दोन-चार क्रेटचे पैसे असतील.

आता एक गंमत. घरात दोन कार्डे जपून ठेवलेली असतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे एक. सत्तरी ओलांडली असेल तर 2024 पासूनचे आयुष्मान वय वंदना हे दुसरे, पाच लाखांचे. तीही बॅगेत जातात, "असू द्या, कामी येतील" म्हणून. ती डॅलसमध्ये कामी येत नाहीत. पण उलट्या दिशेचा हिशेब कुणी केला नाही. अमेरिकेत नोकरी करून निवृत्त झालेला जालनेकर मेडिकेअर घेऊन गावी परतला, तर ते मेडिकेअर इथे जवळपास शून्य. अमेरिकेबाहेर ते सहसा पैसेच देत नाही. आणि उन्हाळ्यात आलेला नातू, जन्माने अमेरिकी, म्हणजे कायद्याने या घरातला एकमेव परदेशी. आंबा, उसाचा रस आणि 42 अंश ऊन एकत्र झाले की त्याला सलाइन लागते. त्याच्या विम्याबद्दल कुणी विचारत नाही. आजोबा बनियनवरच दवाखान्यात जातात, खिशातून पैसे देतात, पावतीसुद्धा घेत नाहीत. परदेशी नागरिकासाठी जालन्यात सध्या हीच योजना लागू आहे आणि तिला मर्यादा नाही. रात्री घरात भांडण होते ते वेगळ्या कारणावरून : रस कुणी पाजला.

आपल्यात सगळेच वाईट आहे असेही नाही. दहावी न झालेला मजूर आखाती देशांत किंवा मलेशियात कामाला जातो तेव्हा त्याला प्रवासी भारतीय विमा योजना घ्यावीच लागते. दोन वर्षांचे 275 रुपये, तीन वर्षांचे 375; अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास दहा लाख. रक्कम थोडी आहे, आजारपणाची मर्यादा तर फारच तोकडी. पण 2003 पासून ती सक्तीची आहे आणि ती घेताना कुणाला 'स्थिर' असावे लागत नाही. बाळंतिणीच्या आईसाठी सरकारने असे काही केलेले नाही.

सबब विनंती अशी की, वगळलेल्या आजारांची यादी पहिल्या पानावर, आजी-आजोबांच्या फोटोइतक्याच मोठ्या जागेत, आणि मराठीत छापावी. समुद्र थोडा कमी दाखवला तरी चालेल.

कळावे, लोभ आहेच, तो थोडा कमी करावा.

आपले नम्र,
मुले परदेशात असलेले, जालना जिल्ह्यातील आई-वडील

सोबत : बीपीची वही, मागच्या सहा महिन्यांचे रिपोर्ट, डॉक्टरांची चिठ्ठी (वाचता आल्यास).

ता.क. : पॉलिसी भारतीय कंपनीची असेल आणि दावा नाकारला गेला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर जालन्याच्या माणसाने पुण्याच्या विमा लोकपालाकडे जायचे. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतची भरपाई तिथे मिळू शकते. मात्र कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत अर्ज हवा. पॉलिसी अमेरिकेतली असेल तर लोकपाल काही करू शकत नाही, त्या राज्याच्या विमा खात्याकडे तक्रार करावी लागते. तिथल्या बहुतेक मोठ्या धर्मादाय इस्पितळांत बिलात सूट मागण्याचा अर्ज असतो, आणि 1986 च्या कायद्याने आणीबाणीतल्या रुग्णाला तपासून सावरल्याशिवाय परत पाठवता येत नाही. त्यामुळे छातीत दुखत असेल तर आधी इस्पितळ, मग आपल्याला फोन.

प्रत माहितीस्तव : 1) जावई, 2) एजंट, 3) चाळीसची ऐंशी करणारे डॉक्टर.