माननीय अल्गोरिदमसाहेब, गाळा रिकामा करत आहे

प्रति,
माननीय अल्गोरिदमसाहेब,
सर्व शाखा (मुख्य कार्यालय : जिथे कोणालाच भेटता येत नाही तिथे)

विषय : आपला इन्स्टाग्रामवरचा मोफतचा गाळा रिकामा करण्याबाबत.
संदर्भ : 'तुमची पोस्ट नेहमीपेक्षा कमी लोकांपर्यंत पोहोचत आहे' ही आपली नित्याची सूचना.

महोदय,

सविनय सादर की, अर्जदार ही अकोल्याच्या जठारपेठेत रुखवत करून देणारी बाई आहे. सुपारीचे नवरा-नवरी, कोरीव खोबरं, तांदळाची तुळस, सप्तपदीची पावलं, नावं रंगवलेला अंतरपाट, आणि भाद्रपद आला की महालक्ष्म्यांचे मुखवटे, असा माझा धंदा. मदतीला नणंद. लग्नसराईत कॉलेजातल्या दोन पोरी.

आपला गाळा मोफत होता हे आधीच कबूल करते, म्हणजे मागून कृतघ्नपणाचा ठपका नको. जठारपेठेतल्या माझ्या खऱ्या गाळ्याचं भाडं महिन्याच्या महिन्याला मोजावं लागतं आणि पावती फाडताना मालकांचा चेहरा पाहण्यासारखा असतो. पण त्यांनी एका रात्रीत माझं शटर मागच्या गल्लीकडे फिरवलं नाही. दारात आलेल्या गिऱ्हाइकाला 'यांच्यापेक्षा ती नाचणारी बाई बघा, तुम्हाला आवडेल' म्हणून खांद्याला धरून पुढे नेलं नाही. माझ्याच गिऱ्हाइकांना माझी पाटी दिसावी म्हणून वेगळे पैसे मागितले नाहीत. आपण ही तिन्ही कामं केलीत, आणि तिसऱ्यावर 18 टक्के जीएसटीही लावलात. एवढी शिस्त आमच्या मालकांकडे नाही.

आपल्या घराण्याचा इतिहास मी आदराने वाचला आहे. इन्स्टाग्राम ऑक्टोबर 2010 मध्ये आलं तेव्हा फक्त चौकोनी फोटो चालत. आधीचं खाली, नंतरचं वर, असा साधा हिशेब होता. 2016 मध्ये तो क्रम गेला आणि कोणाला काय दाखवायचं ते तुमचे भाऊबंद ठरवू लागले. 29 जून 2020 ला भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि 8 जुलैला इथे रील्स हजर! नऊ दिवसांत. आमच्याकडे नऊ दिवसांत मंडपवाला फोनसुद्धा उचलत नाही. पुढे 30 जून 2021 ला इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनीच सांगून टाकलं, की हे आता फोटोंचं ॲप राहिलेलं नाही. जानेवारी 2025 मध्ये चौकोनाचाही उभा आयत झाला आणि जगभरातल्या हौशी लोकांनी चौकटीत बेतून मांडलेल्या चित्रांच्या कडा छाटल्या गेल्या.

रुखवत हा आडवा प्रकार आहे साहेब. लांब टेबल, त्यावर चादर, त्यावर विहीर, बैलगाडी, पालखी, सनईवाले, सगळं एका ओळीत. बायका एका टोकाला उभ्या राहतात आणि सरकत सरकत दुसऱ्या टोकाला जातात. ते उभ्या पडद्यात बसवायचं तर एक तर नवरी दिसते, नाही तर बैल.

एक प्रसंग सांगते, म्हणजे आपल्याला आमच्या कामाची कल्पना येईल. वळवटाची, म्हणजे हाताने वळायच्या जिनसांची, ऑर्डर होती. सरगुंडे, बोटवे, नखुले, मालत्या, गव्हले. गव्हले नणंद वळत होती. दुधात भिजवलेल्या रव्याचा कण अंगठा आणि तर्जनीत धरायचा आणि असा फिरवायचा, की दोन्ही टोकं निमुळती व्हावीत आणि पोट भरलेलं राहावं. जोर जास्त झाला तर पोट चपटं होतं, कमी पडला तर टोक येत नाही. वळलेला दाणा ताटात टाकायचा नाही, सोडायचा, नाही तर शेजारच्याला चिकटतो. वाटीभर गव्हल्यांना अख्खी दुपार जाते आणि त्या दुपारी पंखाही लावता येत नाही, कारण वाऱ्याने पीठ सुकतं.

आपला नियम, की पहिल्या तीन सेकंदांत काहीतरी घडलं पाहिजे. म्हणून मी म्हटलं, "ताई, जरा भरभर वळता का?" तर म्हणाली, "म्या का मशीन होय का वो वहिनी?" शेवटी तिच्या बोटांचा वेग मोबाइलमध्ये आठपट केला, वर त्या आठवड्यात चालू असलेलं गाणं चढवलं, आणि ते रील चाललं. आपल्या कृपेने खूप चाललं. खाली लोकांनी आवर्जून विचारलं, 'हे मशीन कुठे मिळेल?'

पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. त्या रीलवरून विचारणा झाल्या त्या साताऱ्याहून, नाशिकहून, एक बडोद्याहून. तांदळाची तुळस कुरिअरने पाठवून पाहा एकदा. पलीकडे पोहोचतो तो फक्त तांदूळ. रुखवत हे ऑटोत बसून मांडीवर धरून न्यायचं काम आहे आणि गतिरोधक आला की ड्रायव्हरला 'भाऊ, हळू' म्हणावं लागतं. मला गिऱ्हाईक हवं अकोट, मूर्तिजापूर, बाळापूर, पातूर, बार्शीटाकळी, तेल्हारा एवढ्यातलं. तेही ज्यांच्या घरी येत्या चार-सहा महिन्यांत लग्न आहे तेवढंच. आपण मला जग दिलंत. जगाच्या घरी लग्न नव्हतं.

'प्राइस प्लीज' लिहिणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. किंमत कळल्यावर हृदयाचं चित्र पाठवून जाणाऱ्यांबद्दलही नाही. माझ्या अंतरपाटाचा फोटो साठवून तोच दुसरीकडून स्वस्तात करवून घेणाऱ्यांना तर मी ओळखते. लग्नाला बोलावलंही होतं त्यांनी. आणि 'मी तुम्हाला एक्सपोजर देते, तुम्ही मला अंतरपाट द्या' म्हणणाऱ्या ताईंना एवढंच कळवायचं, की एक्सपोजर दाखवून फेविकॉलचा डबा मिळत नाही. मी विचारून आले.

आता उन्हाचं. मे 2024 मध्ये अकोल्यात ऊन 45 अंशांपार गेलं आणि जिल्हाधिकाऱ्यांना महिनाअखेरपर्यंत 144 कलम लावावं लागलं. दंग्यासाठी नाही, उन्हासाठी. रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं. त्या दिवसांत आपला संदेश आला, की तुमचे प्रेक्षक दुपारी सर्वाधिक सक्रिय असतात, आत्ताच पोस्ट करा. दुपारी मुळात दुकानच बंद हवं. पुण्याचे चितळे बंधू वर्षानुवर्षं दुपारी 1 ते 4 दुकान बंद ठेवत. महाराष्ट्राने त्यावर यथेच्छ विनोद केले आणि चार वाजता बाकरवडीच्या रांगेत उभा राहिला. 2017 मध्ये त्यांनी ती सुट्टी सोडली. मी ती उचलली आहे. पडलेली होती.

काही गोष्टींवर मात्र हसू येत नाही. 4 ऑक्टोबर 2021 च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही मिळून सुमारे सहा तास जगभर झोपले होते, घटस्थापना तीन दिवसांवर असताना. ते तांत्रिक होतं, सोडून देऊ. पण त्याच वर्षी 13 नोव्हेंबरला अमरावतीत हिंसाचार झाला, संचारबंदी लागली आणि इंटरनेट बंद झालं. दिवस तुळशीच्या लग्नाचे, म्हणजे मुहूर्त उघडण्याचे. 13 मे 2023 ला आमच्याच अकोल्यात, मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरात, इन्स्टाग्रामवरच्या एका पोस्टवरून दगडफेक, जाळपोळ झाली आणि एका माणसाचा जीव गेला. इथेही इंटरनेट बंद, तेही भर लग्नसराईत. ज्याने आपलं दुकान फक्त मोबाइलमध्ये थाटलं होतं, त्याचं शटर त्या दिवशी सरकारने पाडलं. ज्याच्याकडे वही होती, त्याला निदान गिऱ्हाइकाचा पत्ता माहीत होता. जीव गेलेल्या घरापुढे धंद्याचं रडगाणं गाऊ नये हे मला कळतं. तरी एवढं विचारते: रागाची पोस्ट गल्लोगल्ली पोहोचवताना आपला रीच कधी कमी पडल्याचं ऐकलं नाही, मग माझा अंतरपाट इथल्याच उमरीपर्यंत जाताना का दमतो?

अशी सोडून जाणारी मी पहिली नाही. इंग्लंडातल्या 'लश' या साबण-उटण्यांच्या कंपनीने 2019 मध्ये तिथली खाती बंद केली, मग परत आली आणि 26 नोव्हेंबर 2021 ला फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट सगळ्यांना पुन्हा रामराम ठोकला. आपल्या आमिर खानने मार्च 2021 मध्येच निरोप घेतला, वर सांगितलं की चित्रपटांची माहिती यापुढे निर्मिती कंपनीच्या खात्यावरून मिळेल. माझी निर्मिती कंपनी म्हणजे नणंद, आणि तिच्याकडे बटणाचा फोन आहे. मोठ्या लोकांच्या संन्यासालाही मॅनेजर असतो.

भाची म्हणाली, "आत्या, लोक विसरतील तुला." विसरतील काही. पुण्या-मुंबईत नोकरीला असलेल्या अकोल्याच्या मुली अंतरपाट मागवत. तो घडी होतो, टपालाने जातो. ते काम कमी होणार आणि त्याचा आकडा लहान नाही. हे मी तुमच्यापासून लपवत नाही, कारण तुमच्याकडे तो आकडा माझ्याआधीच असेल. आणि हो, व्हॉट्सॲप मी ठेवणार आहे. ते 2014 पासून फेसबुकच्याच घरात नांदतं हे ठाऊक आहे, खुशाल हसा. तिथे मला नाचावं लागत नाही. गिऱ्हाईक फोटो मागतं, मी पाठवते, तो त्यालाच जातो.

आमच्या भाजीबाजारात एका मावशीने परवा विचारलं, "काऊन वो काकू, मोबाइलवर दिसत नाई तुमी आजकाल? म्या म्हटलं तब्येत बरी नाई का काय. दुकान त उघडंच दिसते." मी म्हटलं, दुकान उघडं आहे म्हणूनच. मावशींनी वांगी तोलता तोलता रुखवताची चौकशी केली, कोण्या बहिणीच्या नातीचं जमलंय म्हणून. धंदा असाच येत होता, आपण यायच्या आधी. कार्यालयात रुखवतापुढे उभी राहून कोणीतरी 'कोनं केलं वो हे?' विचारते, आणि मुलीची मावशी नाव सांगते. आता प्रत्येक टेबलाच्या कोपऱ्यात, तुळशीच्या वृंदावनाला टेकवून, एक छोटं कार्ड ठेवते. पत्रिका छापणाऱ्यांकडे आणि बांगड्यांच्या दुकानात एकेक फोटो-अल्बम दिला आहे. वहीतल्या जुन्या गिऱ्हाइकांना दिवाळीआधी पोस्टकार्डं टाकते. पन्नास पैशांचं कार्ड; आणि पोस्टमनने आजवर 'हे तुमच्या आवडीचं नाही' म्हणून एकही परत नेलं नाही.

गाळ्यात राहिलेलं सामान असं: फॉलोअर्स, ज्यांतले निम्मे रुखवत म्हणजे काय ते न समजता आले, अर्धवट राहिलेली रील्स, आणि एका महालक्ष्मीच्या मुखवट्याचा फोटो, ज्यावर आपण 'संवेदनशील मजकूर' अशी पट्टी लावली होती, कारण रंग चढवण्याआधी ज्येष्ठेचं मुंडकं नुसतं टेबलावर ठेवलेलं दिसत होतं. ते आपण ठेवून घ्या. आम्हाला धड असलेली घरी आहे.

आपल्याकडे खातं काढायला सांगितलं की लगेच जात नाही, 30 दिवस थांबता म्हणे; तेवढ्यात बाईचं मन बदललं तर परत घेता. आमच्याकडे माणूस गेला तरी तेराव्याला सुटका होते. तरी आपल्या रीतीचा मान राखते. अनामत रक्कम काही दिली नव्हती, तेव्हा परत मागायचा प्रश्न नाही.

कळावे, लोभ आटोपता घ्यावा.

आपली (आता नसलेली),
रुखवतवाली, जठारपेठ, अकोला

ता.क. : हे पत्र साहेब वाचणार नाहीत, तेव्हा वाचणाऱ्यांसाठी. दुकान सकाळी दहा ते एक, आणि संध्याकाळी चार ते आठ. मार्गशीर्षातल्या लग्नाचं रुखवत हवं असेल तर दिवाळीच्या आत सांगून ठेवा, वळवट उन्हाळ्यातच बोलून ठेवावं लागतं. महालक्ष्म्यांचे जुने मुखवटे रंगवायचे असतील तर पोळ्याच्या आधी आणून द्या. पोळा झाला की मी एकही घेत नाही.